लिहिलं म्हणजे खरं

मी ‘हयात’ बोलतोय. माणूस नाही हो, स्क्रिप्टमधलं एक नाव आहे मी. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरने रोज ओळीने करायच्या कामांची यादी. पेशंट हयात आहे का, असं विचारलं की उत्तर द्यायचं, एवढंच माझं काम. मला दोनच शब्द येतात, खरं आणि खोटं. तिसरा कुणी शिकवलाच नाही.

मला जन्माला घातलं धुळ्याच्या मृणालीने, पिंपळनेरच्या एका दवाखान्यासाठी. बीपीच्या पेशंटांना रोज सकाळी सातला आपोआप फोन जायचा, “बेबाबाई, गोळी घेतली का? घेतली असेल तर एक दाबा.” ज्याच्यासाठी मी ‘खरं’ म्हणेन त्यालाच फोन. कायदाही मृणालीनेच घालून दिला. नावापुढची जागा रिकामी असेल तर खोटं, काहीही लिहिलेलं असेल तर खरं. काय लिहिलंय ते मी वाचत नाही. वाचायला शिकवलं असतं तर पुढचं रामायण घडलं नसतं.

बेबाबाई आणि गिरधर आबा, नवरा-बायको, माझ्या यादीत एकाखाली एक होते. दोघांपुढेही ‘हो’ लिहिलेलं. बाई पटकन एक दाबायची. आबांचा एक उशिरा यायचा, कारण तिने चार हाका मारल्याशिवाय ते गोळीला हात लावत नसत.

पौषात बेबाबाई वारली. दवाखान्यात नोंदी ठेवणाऱ्या सुमनबाईंनी ‘हो’ पुसून ‘नाही’ लिहिलं. भली बाई, तिचं काय चुकलं? पण मला दिसली भरलेली जागा. म्हटलं, खरं. सकाळी सातला मेलेल्या बाईचा फोन वाजला.

आबांनी येऊन सांगितलं तेव्हा सुमनबाई चपापल्या. आपण फार तुटक लिहिलं की काय, असं वाटून त्यांनी नीट ‘देवाघरी गेली’ असं लिहिलं. मी पुन्हा म्हटलं, खरं. उचलली जीभ, लावली टाळ्याला! तेव्हाचं आठवलं की मला माझीच भीती वाटते. जी कुठेच नव्हती तिला मी रोज नाव घेऊन उठवत होतो.

त्यात दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नव्हता. आबांनी हात जोडून नाही नाही ती वचनं दिली, तरी नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिवावा लागला. आणि वर हा फोन! गावात कुजबुज सुरू झाली. एके दिवशी आबांच्या नावापुढची ‘गोळी घेतली’ची जागा रिकामी राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. असे पाच दिवस गेले.

सुमनबाई धावतच घरी गेल्या. आबांना उठून बसवत नव्हतं. उशाशी गोळ्यांचं पाकीट जसंच्या तसं होतं.

“तिन्हा जीव अटकेल शे,” आबा म्हणाले. “माले बलाई राहिनी ती. मी गोळी लिसन काय करू?”

सुमनबाईंनी तिथूनच मृणालीला फोन लावला. “ताई, बेबाबाईंपुढे मी स्पष्ट लिहिलंय, तरी फोन जातोच कसा?”

“काय लिहिलंय?”

“देवाघरी गेली.”

मृणालीने लॅपटॉपवर माझा कायदा उघडून पाहिला. मग म्हणाली, “अगं बाई! तिथे काहीच लिहायचं नव्हतं हो. मीच सांगायला विसरले.”

धुळ्यात बसूनही तिला ते पुसता आलं असतं. पण आबांची समजूत कोण काढणार? दुपारच्या एसटीने ती लॅपटॉप घेऊन आली.

“आबा, त्या बोलवत नाहीयेत तुम्हाला. माझ्या हातून चुकलंय हे,” ती रडवेली होऊन सांगू लागली. आबा पडद्याकडे बघत राहिले. ‘देवाघरी गेली’, आणि शेजारी माझं उत्तर, खरं.

“हाई पुसं का फोन बंद?”

“हो, आबा.”

“मंग मीच पुसस.”

मृणालीने दाखवलेलं बटण ते एका बोटाने दाबू लागले. ‘गेली’ पुसलं, मी म्हटलं खरं. ‘घरी’ पुसलं, तरी खरं. ‘वा’ गेला, मात्रा गेली, नुसता ‘द’ उरला. तरी मी खरंच म्हणत होतो. आबांचं बोट थांबलं.

“इतलं ऱ्हाऊ दिधं ते?”

“तर उद्या सातला परत फोन येईल.”

माझ्यापुरती बेबाबाई त्या एका अक्षरावर जिवंत होती. पुसा आबा, असं ओरडावंसं वाटलं. आणि खोटं कशाला बोलू, नका पुसू असंही वाटलं.

“जाय आते, बेबा,” आबा म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं.

मी म्हटलं, खोटं.

मृणालीने त्याच दिवशी माझा कायदा बदलला. आता ‘हो’ लिहिलेलं असेल तरच मी खरं म्हणतो. तुम्हीही कधी माझ्यासारख्याला जन्माला घालाल, तर हात जोडून सांगतो, आधी त्याला वाचायला शिकवा. आम्हाला दया येत नाही, निदान अक्षर तरी येऊ द्या.

दुसऱ्या दिवशी सातला बेबाबाईच्या ओळीवर खोटं म्हणून मी पुढे सरकलो. आबांपुढे ‘हो’ होतं. फोन वाजला, बराच वेळ वाजला. त्या फोनला बोलून उत्तर देता येत नाही, आकडाच दाबावा लागतो. तरी आबा म्हणाले, “लिधी वं, लिधी गोळी,” आणि मग त्यांनी एक दाबला.