वन्संनी लावलेला फोन

पडदे शिवण्यात तिचा हात धरणारं त्या भागात कोणी नव्हतं. घराच्या पुढच्या खोलीत मशीन, कापड बेतायचं लांब टेबल आणि भिंतीशी टेकवलेले तागे, एवढाच तिचा पसारा. पण लेक नोकरीसाठी दूरच्या शहरात गेली आणि तिला एक खोड जडली. आधी ती नुसत्या त्या शहरातल्या बातम्या बघायची. मग फोनच आपणहून पुरवायला लागला. कुठं पूर, कुठं खून, कुठं इमारत खचली. अंगठा चालतच राहायचा. भाजी करपायची, मशीनवरचा पाय थांबायचा, तरी हात फोनकडेच जायचा.

उठता बसता लेकीला फोन. "लिफ्टनं जाऊ नकोस. नळाचं पाणी पिऊ नकोस." लेक आधी हसली, मग चिडली, मग तिने फोन उचलणंच कमी केलं. नवरा म्हणायचा, "अगं, जगाचा भार तुझ्याच डोक्यावर दिलाय का?" त्यावर तिचं उत्तर ठरलेलं, "काय चाललंय ते माहीत तरी नको?" एकदा तर माप टाकता टाकता नजर फोनवर गेली आणि एका घराचे सगळे पडदे वीतभर आखूड कापले गेले. त्या दिवशी ती टेबलाशी बसून रडली, आणि रडता रडता पुन्हा फोनच उघडला.

अशात वन्सं राहायला आल्या. नवऱ्याची थोरली बहीण. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, घरी एकट्याच, म्हणून डोळा बरा होईपर्यंत भावाकडे. नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरची झालेली, त्यामुळे आवाज असा खणखणीत, की शेजाऱ्यांनाही आपल्यालाच हाक मारली असं वाटावं. वाचायला बंदी, टीव्हीला बंदी, डोळ्यावर काळा चष्मा. दिवसभर मशीनजवळच्या खुर्चीत बसून कानांनी घर बघायच्या.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी विचारलं, "अगं, मघापासून नुसते उसासे चाललेत. दुखतंय का कुठं?"

"नाही हो वन्सं. बस दरीत कोसळली एक. काही माणसं गेली. ड्रायव्हर गंभीर आहे."

"आई गं! मग? वाचला का तो?"

"ते नाही दिलेलं."

"बातमी कधीची?"

तिने बघितलं. "परवाची."

"म्हणजे एव्हाना काय ते झालं असणार. शोध की."

ती शोधायला लागली, पण अंगठा सवयीनं खाली सरकला. "बाई बाई, इथं कारखान्यात आग..."

"थांब! आधी ड्रायव्हरचं सांग. एक कॉल अर्धवट टाकून मी दुसरा घेतला असता ना, तर साहेबानं घरी बसवलं असतं मला."

तिने खूप शोधलं. बसचे फोटो सगळीकडे होते, ड्रायव्हरबद्दल मात्र तीच ती ओळ. इस्पितळाचं नाव तेवढं सापडलं.

"नंबर लाव," वन्सं म्हणाल्या.

"आपण कोण लागतो त्याचे?"

"त्याच्यासाठी उसासे टाकताना विचारलंस का हे?"

तिला हसावं की घाबरावं कळेना. तिने नंबर लावला, स्पीकर चालू केला. पलीकडच्या बाईंचा आवाज वैतागलेला होता. "पेपरवाले का तुम्ही?"

"नाही हो. मी डोळ्याचं ऑपरेशन झालेली बाई आहे," वन्सं म्हणाल्या. "तुमच्याकडे तो बसचा ड्रायव्हर आहे ना, त्याची आमच्या घरात फार काळजी लागलीय. बरा आहे का एवढंच सांगा."

पलीकडचा आवाज एकदम मऊ झाला. "सगळे आकडा विचारायला फोन करतात हो. असं विचारणाऱ्या तुम्हीच पहिल्या. जास्त नाही सांगता येणार, पण शुद्धीवर आलाय. जेवणात मीठ नाही म्हणून सकाळपासून भांडतोय."

"मीठ मागतोय? मग जगला!" वन्संनी मांडीवर थाप मारली.

आणि ती हसली. कित्येक महिन्यांनी इतकी मोकळी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते थांबेचना. वन्संनी चाचपडत तिची पाठ शोधली आणि थोपटत राहिल्या.

त्या दिवसापासून वन्संचा नियम झाला. दिवसाला एक बातमी, आणि ती शेवटापर्यंत. शेवट नेहमी गोड निघत नसे. कारखान्यातले दोघे बाहेर आलेच नाहीत असं कळलं, तेव्हा वन्संनी हात जोडले. तिने दुसरं काही उघडायला फोन घेतला, तर वन्सं हळूच म्हणाल्या, "राहू दे आता. वाईट वाटायलाही वेळ लागतो, बाई. तुझा हा फोन तेवढाही देत नाही." तिला ते लागलं. इतके दिवस तिने ढीगभर वाचलं होतं, पण एकासाठीही धड रडली नव्हती.

सवय काही एका दमात सुटली नाही. हात शिवशिवायचे. पण मशीनचा आवाज थांबला की खुर्चीतून हाक यायचीच, "थांबलं गं!" वन्संच्या डोळ्यात थेंब घालायला हात सारखे धुवावे लागत, म्हणून फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर गेला, आणि तिथेच राहायला लागला. एकदा वन्सं झोपलेल्या असताना तिने अख्खी दुपार बातम्यांत घालवली. ओशाळून तिने ते सांगितलं. वन्सं एवढंच म्हणाल्या, "बरं. आता थेंब घाल."

एका रविवारी लेकीचा आपणहून फोन आला. तिने लेकीला विचारलं, "काय जेवलीस? तुझ्या खिडकीतून काय दिसतं गं?"

"आई, बरी आहेस ना तू? आज लिफ्टचं काही नाही?"

"लिफ्टनं जा, नाहीतर चढत जा. पाय तुझे!"

लेक खो खो हसली आणि मग बोलतच सुटली. ऑफिसातलं भांडण, खोलीतल्या मैत्रिणीचं घोरणं, नवा चष्मा. हे सगळं सांगायचं तिच्याजवळ साचून होतं, आणि आई मात्र लिफ्टपाशीच अडकलेली.

वन्सं निघाल्या त्या दिवशी ती त्यांच्या पाया पडली. "तुमचे उपकार कसे फेडू?"

"फेडायची घाई नको. दुसराही डोळा पिकत आलाय, येतेच परत," वन्सं म्हणाल्या, पण चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. "थेंबांचं पाणी," असंही वर सांगितलं.

नवरा त्यांना पोचवून आला. दोघं जेवायला बसली. ती म्हणाली, "तुमच्या बहिणीनं मला माणसांत आणलं हो."

"मग थोडे आभार माझेही मान. बहीण माझी आहे."

"मानले," ती म्हणाली, आणि तो नको नको म्हणत असताना त्याच्या पानात आणखी भाजी वाढली.