मालनआत्याची आवृत्ती

शर्वरीने प्रेसवरून ओला कागद उचलला, तेव्हा त्याच्याबरोबर मालनआत्याही उठून बसली. अंगाने दमट, कोपराला शाई, पण आत्याच. "जेवलीस का गं?" हे तिने आधी विचारलं, त्यामुळे संशयाला जागा उरली नाही. फक्त नाकातली चमकी भलत्या बाजूला गेली होती. प्लेटवर चित्र उलटं कोरायचं असतं, हे शर्वरी कला महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षालाही विसरायची.

पारगावकर सरांनी चष्मा कपाळावर चढवून आत्याला नीट न्याहाळलं.

"खांद्यावर शाई कमी बसलीय. प्लेटवरची शाई पुसताना हात जड पडतो तुझा."

"भांडीपण अशीच घासती," आत्या म्हणाली.

एका प्लेटवरून दहा एकसारखे छाप द्यायचे, तरच वर्ष सुटायचं. शर्वरीने तांब्यावर सुईने आत्याचा चेहरा कोरला होता. आई गेल्यापासून तिला आत्यानेच वाढवलं होतं, चेहरा पाठच होता. दुसऱ्या छापाबरोबर दुसरी आत्या आली. पहिलीने सरकून तिला जागा दिली. ओला छाप वाकू नये म्हणून टीपकागदांत घालून वर फळी ठेवतात. आत्या ओळीने आडव्या झाल्या.

"अजून थोडं वजन ठेव," एक म्हणाली. "पाठीला बरं वाटतंय."

प्रेसचं चाक ओढून शर्वरीचेही खांदे भरून आले होते. पण काम थांबवून चालणार नव्हतं.

सुईने कोरलेल्या रेघेच्या काठाला तांब्याची बारीक कुसळं उभी राहतात. शाई तीच धरून ठेवतात, आणि दर छापाला ती थोडी थोडी चेपतात. हे पहिल्या वर्षीच शिकवतात. तरी सातवी आत्या फिकट निघाली, तेव्हा शर्वरीला धसका बसला. या आत्याने जेवणाचं विचारलंच नाही. आठवीला तर हात धरून उठवावं लागलं. ती भिंतीकडे बघत बसली.

शर्वरीने कुरुंदवाडला घरी फोन लावला. खूप वेळाने तो उचलला गेला.

"कोण?"

"आत्या, मी."

"हां. दमल्यागत झालंय गं. सकाळी आरशात बघितलं तर नाकच दिसंना."

"डॉक्टरांकडे जा की!"

"जाऊन आले. म्हणाले, झीज आहे. वापर कमी करा."

फोन तसाच चालू ठेवून शर्वरी सरांकडे वळली.

"सर, आठवरच थांबते."

"थांब. आठ छापांचीच आवृत्ती धरू, मी सही करतो. पण मग प्लेट आत्ताच रद्द करायची. चेहऱ्यावरून आरपार एक चर. नाहीतर उद्या कुणीही गुपचूप छाप काढेल."

"चेहऱ्यावरून?"

"कोपऱ्यात मारून भागत नाही. नाहीतर उरलेले दोन काढ."

"सर, दोन काढले तर घरी आत्या उरायची नाही."

"इथे आठ आहेत की. छापात नक्कल नसते, प्रत्येक मूळच," सर शांतपणे म्हणाले आणि सुई पुढे केली.

टीपकागद सरकले. आठही आत्या उठून स्टुलांवर बसल्या. त्यांच्यात थोडी कुजबुज झाली. मग पहिली म्हणाली, "छाप ओढू नको बाई आता. चरच मार."

"दुखेल गं."

"बाळंतपणं काढलीत मी गावाची. तू हात थरथरू देऊ नको. वाकडं गेलं तर जन्मभर लोक विचारत बसतील."

शर्वरीने प्लेट टेबलावर घट्ट धरली.

"आत्या, ऐकलंस ना?" तिने फोनला विचारलं.

"ऐकलं. थांब जरा."

सुई कपाळाच्या टोकाला टेकली. फोनमध्ये खुर्ची उजेडाकडे ओढल्याचा आवाज आला, आणि इथे आठही जणींनी डोळे मिटून हनुवट्या वर केल्या.