ओट्यावरचं ऊन

मी एक जुना ब्रश आहे, जलरंगाचा, आठ नंबरचा. मित्रांनो, माझा कोणावर चटकन विश्वास बसत नाही. जुन्नरच्या दुकानात यशोधराबाईंनी मला पाण्यात बुडवून माझं टोक जुळतं का ते पाहिलं, तेव्हाच मी ओळखलं, ही बाई मला काही सुखानं बसू देणार नाही.

त्या शाळेत चित्रकला शिकवायच्या आणि सुट्टीत जुन्या घरांची चित्रं काढायच्या. १९९८च्या उन्हाळ्यात आम्ही जुन्नरजवळच्या डिंगोरे गावात ठकूबाईंच्या घरासमोर बसलो. दगडी जोतं, सागवानी खांब आणि ओट्यावर सकाळचं लख्ख ऊन.

महिन्यापूर्वीच रस्ता रुंद करायचा म्हणून माणसं टेप लावून गेली होती. आता ही बाई एक डोळा मिटून, पेन्सिल पुढे धरून घर मापतेय! शेजारच्या गेणभाऊंनी ठकूबाईंच्या कानात काय घालायचं ते घातलं. खरं सांगतो, बाई त्या टेपवाल्यांना सामील असाव्यात, असं मलाही वाटलं.

ठकूबाई चहा घेऊन आल्या, पण नजर कागदावर. खांब रंगले होते, सावल्या पडल्या होत्या, ओटा तेवढा कोरा. जलरंगात उजेड रंगवत नाहीत, तिथला कागद पांढराच सोडतात.

"माझा वटाच का सोडला? ह्योच पाडायचा ना?" ठकूबाईंनी विचारलं.

तिथं ऊन आहे, असं बाईंनी सांगून पाहिलं. छे! ठकूबाईंनी मला हिसकावलं, तपकिरी रंगात बुचकळलं आणि सगळा ओटा भरून टाकला. माझे केस पार विस्कटले. बाई रागावल्या नाहीत. मला धुऊन त्यांनी नुसत्या पाण्यानं तो रंग उचलून पाहिला, पण कागद पुन्हा पांढरा झाला नाही.

पाच वर्षांनी रस्ता आला आणि ओटा गेला. बाई ते चित्र घेऊन ठकूबाईंना भेटायला गेल्या, मी पिशवीत होतोच. गेणभाऊ लगेच म्हणाले, तेव्हाच मापलं व्हतं हिनं. ठकूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या तपकिरी डागावर बोट फिरवत राहिल्या.

"तुजं खरं व्हतं, बाई. लई ऊन यायचं हितं. मीच बुजवलं."

मला फार वाईट वाटलं. मित्रांनो, काम झालं की मला धुऊन आडवं ठेवा, पाण्यात उभं सोडू नका. आणि कोणी कोरी जागा सोडली, तर का सोडली ते विचारा आणि उत्तरही ऐका. ठकूबाईंनी विचारलं होतं. ऐकलं मात्र नव्हतं, त्यांनीही आणि मीही.