दगड धुणारी

वरचा थर. आज.

"दगडापेक्षा वीट मऊ. गपगुमान समाजशास्त्र घे," दादा म्हणाला.

भूशास्त्र विभागाच्या दाराबाहेर दोघं भावंडं उभी होती. मुख्य विषय निवडायचा आज शेवटचा दिवस. समाजशास्त्रात धाकटीला बरे गुण होते. भूशास्त्रात ती सपशेल नापास झाली होती, दुसऱ्या खेपेला कशीबशी सुटली. एकदा नापास झालेला विषय मुख्य म्हणून हवा असेल, तर विभागप्रमुख मॅडमची परवानगी लागे.

"आणि मॅडम नाही म्हणाल्या तर? तू तिकडे पोचेपर्यंत समाजशास्त्राच्या जागा संपतील. मग बस घरी."

"बसेन."

"आईला तू सांगायचंस. मी नाही."

खणू या. गेलं वर्ष.

आई हॉस्पिटलात सफाईला. बाहेरून आलेली वस्तू आधी धुवायची, मग हात लावायचा, हा तिचा कायदा. त्यामुळे प्रात्यक्षिक परीक्षेच्या सकाळी टेबलावरचे मळके दगड पाहून धाकटीला राहवलं नाही. कुणी यायच्या आत तिने अख्खा ट्रे नळाखाली धरला. ब्रशने घासलासुद्धा.

मिठाचा स्फटिक निम्मा विरघळला. एका मऊ दगडाचा चिखल झाला. आणि दगडांवरचे शाईचे नंबर, ज्यांच्या जोरावर सगळ्या वर्गाची परीक्षा होणार होती, ते वाहून गेले.

परीक्षा पुढे ढकलली गेली. धाकटीचं नाव 'वॉशिंग मशीन' पडलं. शेवटी ती झाली तेव्हा हातात दगड घेताच तिला मागून खुसखुस ऐकू यायची. भूशास्त्र गेलं. त्या धसक्यात आणखी दोन विषय गेले.

इथे थरात भेग आहे.

तिने कॉलेज सोडायचं ठरवलं होतं. हे घरी कुणालाच माहीत नाही.

भेगेच्या पलीकडे. सुट्टी.

"नंबर पुसलेस तूच. आता घालायचेही तूच," मॅडम म्हणाल्या आणि रंगाची डबी, बारीक ब्रश तिच्यापुढे ठेवला. फक्त त्या ट्रेवरचे नाहीत. कपाटांतल्या सगळ्या दगडांवरचे नंबर, पक्क्या रंगात.

शिक्षाच ती. पण नंबर घालायचा म्हणजे दगड उचलायचा, फिरवायचा, सपाट जागा शोधायची. कुठला रंग पितो, कुठला झटकून टाकतो. कुठला दिसतो एवढासा आणि मनगट मोडतो. सुट्टी संपेपर्यंत कपाटातला एकही दगड परका राहिला नव्हता.

पुन्हा वर. दार उघडलं.

मॅडमनी मान वर केली. "सोपा विषय सोडून इकडे का?"

"तिकडे पाठ करते आणि विसरते. इथलं विसरत नाही."

"असं सगळेच म्हणतात." मॅडमनी टेबलावर दोन दगड ठेवले. दोन्ही राखाडी, जुळ्या भावांसारखे. "सांग."

धाकटीने ते नखाने खरवडले. दोन्ही सारखेच. तिने फुंकर घातली, वास घेतला. मग एकाचा कण काढला आणि धुतल्या-पुसल्याशिवाय सरळ दाताखाली घातला. मग दुसऱ्याचा.

"हा कचकचतो. वाहत्या पाण्यातला गाळ आहे. आणि हा लोण्यासारखा. याचं पाणी अगदी थांबलेलं असणार."

"आईला माहीत आहे का, तू दगड खातेस?"

"नाही. आणि कळवू नका."

मॅडमनी स्वतः एक कण उचलून तोंडात टाकला. थोडा वेळ दोघी समोरासमोर दगड चावत बसल्या.

"कचकचतो खरा," मॅडम म्हणाल्या आणि अर्ज पुढे ओढून सही केली. "पहिल्या वर्षाचा प्रात्यक्षिकाचा तास आहे आता. या ट्रेमधले नमुने तिकडे पोचव. आणि त्यांना सांगायचंही तूच, कसे ओळखायचे ते."

ट्रे जड होता. तो दोन्ही हातांनी पोटाशी धरून ती बाहेर आली. जिन्यावर तिचे वर्गमित्र गप्पा मारत उभे होते. तिला पाहताच ते भिंतीला टेकून उभे राहिले आणि मधली वाट मोकळी झाली.

दाराबाहेर थांबलेला दादा पुढे धावला. पलीकडच्या, पहिल्या वर्षाच्या वर्गाच्या दाराची एकच फळी उघडी होती. काही न विचारता त्याने खिट्टी खाली ओढून दुसरीही उघडली.