दुप्पट वेगाची अंगाई

ताईचा हिशेब साधा होता: जगात ऐकण्यासारखं डोंगराएवढं, आणि कान दोनच. म्हणून चष्म्याच्या काचा घासता घासता ती सगळं दुप्पट वेगाने ऐकायची. कादंबऱ्या, मुलाखती, गाणीसुद्धा. सकाळी सुरू झालेला खून डबा उघडेपर्यंत उलगडलेला असे. तरी ऐकायचं राहिलेलं वाढतच चाललं होतं.

त्यात धाकट्या बहिणीने आपलं गाणं पाठवलं. पहिलंच. सोबत निरोप: "ताई, एवढ्या ढिगात माझं आणखी एक कशाला? तू हो म्हणालीस तर लोकांसमोर ठेवते, नाहीतर पुसून टाकते."

दुपारी ती स्वतःच ताईच्या चष्म्याच्या दुकानात हजर झाली. "ऐकलंस?"

"ऐकलं म्हणजे काय! काय ठेका गं! उभ्या उभ्या पाय थिरकायला लागले माझे."

धाकटीचा चेहरा पडला. "ताई, ती अंगाई आहे."

ताईच्या हातून काच निसटता निसटता राहिली. धाकटीने तिचा फोन उचलून पाहिला. "दोन पट! अगं, बाळाला झोपवायचंय की पळवायचंय?" ती हसली खरी, पण डोळे भरले होते. "जाऊ दे. सख्ख्या बहिणीला सवड नाही, तर परक्यांना कुठली? पुसते."

"खबरदार!" ताईने काचा घासायचं यंत्र बंद केलं आणि गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसली. "चुकलंच माझं. आता तुझ्या चालीने लाव."

गाणं सुरू झालं. दोन ओळींमध्ये केवढी जागा होती! तिथे पाळण्याची कडी कुरकुरत होती, धाकटी हळूच श्वास घेत होती. सकाळी यातलं काहीच कानी आलं नव्हतं. हे तिला सांगायला हवं, असं ताई मनाशी म्हणत होती...

जाग आली तेव्हा तिचा चष्मा मांडीवर मिटून ठेवलेला होता. समोर आपल्या चष्म्यासाठी आलेले एक आजोबा ताटकळले होते, आणि धाकटी त्यांच्या कानात सगळी हकिकत कुजबुजत होती.

"अगंबाई! पुसलंस की काय?"

"पुसते कशाला? दुसऱ्या कडव्याला मान टाकलीस, तिसऱ्याला घोरायला लागलीस! अंगाईला याहून मोठी दाद कुठली?" धाकटीचं हसू चेहऱ्यावर मावत नव्हतं. "ठेवलं मी लोकांसमोर. आत्ताच."

आजोबांनी जांभई आवरली. "गाणं गोड आहे हो. फक्त माझ्या काचा तेवढ्या दुप्पट वेगाने होऊ द्या!"