मंजुळाची दोन मिनिटं

"हे लुगडं नेसायचं आणि ही दुधाची किटली डोक्यावर घ्यायची," कंपनीच्या मुंबई ऑफिसातून आलेल्या अमिता मॅडम म्हणाल्या. "फोटो झाला की आजच्या कार्यक्रमात स्टेजवर दोन मिनिटं बोल. कागदावर सगळं लिहिलंय."

मंजुळाने लुगडं उलगडलं. काठावर महाडच्या भाड्याच्या दुकानाचा शिक्का होता. पोलादपूरच्या डोंगरावरच्या धनगरवाडीत तिची आई जानकीबाई असलं चमकीचं लुगडं कधी नेसली नव्हती. तरी मंजुळा ते नेसली.

महाड औद्योगिक वसाहतीतल्या या औषधांच्या कारखान्यात ती नऊ वर्षं गोळ्यांची पाकिटं भरणाऱ्या मशीनवर होती. मशीन एका लयीत चालू लागलं की तिला वाटायचं, आपण माळावर बसलोय, म्हशी चरतायत, ढगांच्या सावल्या गवतावरून सरकतायत. त्या तंद्रीतही मशीनचा सूर जरा बदलला, की तिचा हात आपोआप ते बंद करायच्या बटणावर जायचा. नवीन लागलेल्या रितेशला हे मशीन तिनेच शिकवलं. गेल्या वर्षी तो सुपरवायझर झाला. त्याच जागेसाठी तिचीही मुलाखत झाली होती. "काम उत्तम आहे तुझं," मॅनेजर विनोद सर तेव्हा म्हणाले होते, "पण बोलणं फार गावठी. परदेशी पाहुणे येतात, बरं दिसत नाही."

आज विनोद सर पहिल्या रांगेत बसले होते. स्टेजवर फलक होता: 'आम्ही सर्वांना सामावून घेतो.'

दिवे डोळ्यांवर आले तशी समोरची माणसं विरघळल्यासारखी झाली. मंजुळाने कागद पाहिला. 'मी एका मागास वाडीतून आले. कंपनीने मला ओळख दिली.' तिने त्याची घडी घातली.

"आमची वाडी मागास नाय," ती म्हणाली. "उंचावर हाय, येवढंच. ह्ये लुगडं माझं नाय, भाड्यानं आणलंय. मशीन मात्र मला येतं. तिघांना शिकवलं मी, ह्याच बोलीत. तवा ती कुनाला गावठी वाटली नाय. परत जागा निघाली तर माझं काम बघा."

 मग मागून, पॅकिंगच्या बायकांमधून, टाळी वाजली. विनोद सर "छान, छान" म्हणाले आणि त्यांनी पुढचं नाव पुकारायला सांगितलं.

पडद्यामागे अमिता मॅडमनी तिच्या हातातली किटली घेतली. "तुम्ही मुलाखत दिली होती, हे मला कुणी सांगितलं नाही."

"इचारलंत नाय तुमी."

चार दिवसांनी गेटवर पोस्टर लागलं. फोटो किटलीचाच, खाली वाक्य कागदावरचंच. अमिता मॅडमचा मेसेज आला, 'मी भांडले. ऐकलं नाही कुणी.'

रविवारी मंजुळा डोंगर चढून घरी गेली. जानकीबाई अंगणात उन्हाला बसली होती.

"काय बोललीस गो कंपनीत?"

"आपलंच. आपन बोलतो तसंच."

"कळलं त्येंना?"

मंजुळाने पायातल्या चपला काढल्या. खाली दरीत पांढरं धुकं साचलं होतं, त्यातून कुठूनतरी एसटीचा भोंगा आला.

"ऐकलं तरी," ती म्हणाली.

जानकीबाई जरा सरकली आणि तिने मंजुळाला उन्हात जागा करून दिली.