मुखवट्याच्या डोळ्यांतलं तेल

साहेब, संग्रहालयाच्या चाव्या तुमच्या खिशात होत्या. आमच्या कनक जमातीच्या पूर्वजांचा लाकडी मुखवटा खोऱ्यात आणायच्या आदल्या दिवशी भोंदू गुस्ताव्हला थंडगार कोठारात त्याच्यापाशी एकट्याला तुम्हीच बसू दिलंत. "पूर्वजांना जागं करायचंय," तो म्हणाला, आणि तुम्ही बाहेरून दार ओढून घेतलंत. आता पुढचं ऐका.

गावच्या मोठ्या झोपडीसमोर, उन्हात, मुखवटा खांबावर चढवला होता; तुम्हीही तिथंच होतात. सरदाराच्या सुतकात घालून नाचायचा मुखवटा, कैक पिढ्यांनी तुमच्या संग्रहालयातून घरी आलेला. अख्खं खोरं रडत होतं. नुकत्याच वारलेल्या सरदाराची बायको कापो, तीही रडत होती.

"सरदार आजारानं गेला नाही!" गुस्ताव्ह गरजला. "त्याला कुणीतरी चेटूक करून आतून खाल्लंय. एकेकानं समोर या. पूर्वज बोट दाखवतील."

"बोट? नुसतं तोंडच तर आहे," कापोची भाची ओडिल पुटपुटली. ती शाळेत शिकवायची.

"गप गं, पाप लागेल," शेजारची म्हातारी कुजबुजली.

सगळे समोर येऊन गेले, मुखवटा कोरडाच. कापोला त्यानं मुद्दाम शेवटी बोलावलं. ऊन डोक्यावर आलं होतं. ती उभी राहिली मात्र, लाकडी डोळ्यांतून लाल आसवं ओघळली.

"चेटकीण!" आवाज तिच्या धाकट्या दिराचा होता. सरदारकी त्याला हवी होती, बुवाला त्यानंच आणलं होतं. "जाळा हिचं घर! हाकला खोऱ्याबाहेर!"

जवान पोरं पलिते घेऊन कापोच्या घराकडे धावली. ओडिलनं कापोला बाजूला ओढलं आणि गुस्ताव्हची गचांडी धरून त्यालाच समोर उभं केलं. मुखवट्याची आसवं चालूच.

"बुवा, तुम्ही कुणाला खाल्लंत हो?"

कुणीतरी फिसकन हसलं.

"पूर्वजांची चेष्टा करतेस, कार्टे?"

"चेष्टा तू मांडलीस! आपला नाचणारा मुखवट्याच्या तोंडातून बघतो. डोळे भरीव असतात. आजोबा, तुम्हीच सांगा, आपल्या मुखवट्याला डोळ्यांची भोकं कधी पाहिलीत?"

म्हातारे जमिनीकडे बघू लागले. ठाऊक सगळ्यांना होतं. भीतीपुढे एकालाही आठवलं नाही.

ओडिलनं मुखवटा उतरवून उलटा केला. डोळ्यांत ताजी भोकं, त्यांच्यामागे कोरलेल्या खोबणी, पांढरं लाकूड दिसत होतं. आत लाल माती कालवलेलं खोबरेल, अर्धं वितळलेलं.

"कोठारात गोठलं, उन्हात वितळलं. या वेळेला इथं डुक्कर बांधलं असतं, तर तेही चेटकीण ठरलं असतं!"

साहेब, तुम्हाला कंठ फुटला तो तेव्हा. "हात लावू नका! मौल्यवान वस्तू आहे!" तुमच्या पाठीमागे कापोच्या घराचा धूर चढत होता. बियाण्याची कोनफळं आतच होती.

संध्याकाळी लोक रिवाजाप्रमाणे कापड आणि कोनफळ घेऊन माफी मागायला आले. कापोनं हात लावला नाही.

"हे शिजवू कुठं?" तिनं विचारलं. दीर पुढच्या रांगेत होता, मान खाली घालून.

लोकहो, लाकूड रडत नाही. रडलं, तर आधी त्याच्या मागं बघा, मग माणसाकडे.

आणि साहेब, गुस्ताव्ह कोठारातून गेल्यावर, इथं आणण्यासाठी मुखवटा पेटीत तुम्ही स्वतःच्या हातांनी भरलात. ती ताजी भोकं तुम्हाला दिसली होती की नाही? दिसली असतील, तर गप्प का बसलात? उत्तर द्या.